पोळ्याला दुष्काळ, दिवाळीला पंचनामा

२०२३ चा ऑगस्ट आमच्याकडच्या माणसांना दिवसांनिशी आठवतो. जुलैच्या शेवटी चांगला पाऊस झाला, सोयाबीन गुडघ्याला लागलं, आणि त्यानंतर आभाळ नुसतं भरून यायचं नि वाऱ्यासोबत निघून जायचं. पहिले आठ दिवस कुणी काही बोललं नाही. तेवढी उघडीप हवीच असते. कोळपणी, खुरपणी, फवारणी उरकून घ्यायची असते. पंधराव्या दिवशी माळाच्या रानात दुपारच्या वेळी पानं माना टाकायला लागली. विसाव्या दिवशी ती सकाळीही उभी राहिनात. फुलं गळाली ती त्याच आठवड्यात. जमिनीला पडलेल्या भेगांत माझ्या चुलत्यांनी काठी घातली, ती वीतभर आत गेली. त्यांनी ती तशीच तिथं सोडली आणि काही न बोलता घरी आले.

हवामान खात्याच्या नोंदींनुसार तो देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. देशभरातली तूट ३६ टक्के होती. प्रशांत महासागरात एल निनो जोर धरत होता, आणि ज्या कमी दाबाच्या पट्ट्यावर मध्य भारताचा नि आपला पाऊस अवलंबून असतो तो मान्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला होता. पुढं सप्टेंबरात पाऊस परतला. हंगाम संपला तेव्हा देशाच्या खात्यावर सरासरीच्या ९४ टक्के पाऊस जमा झालेला होता. लांबून पाहणाऱ्याला त्यात सहा टक्क्यांची तूट दिसते. आमच्या शिवारातलं सोयाबीन सहा टक्क्यांनी कमी झालं नव्हतं. काही रानांत काढणीची मजुरी परवडणार नाही म्हणून लोकांनी उभ्या पिकात जनावरं सोडली.

हंगामाच्या बेरजेवरून दुष्काळ ठरवणं आता थांबवलं पाहिजे, असं माझं मत आहे. पीक वाढीला लागल्यावर सलग किती दिवस कोरडे गेले, कुठल्या जमिनीत गेले आणि पीक तेव्हा कुठल्या अवस्थेत होतं, यावरून दुष्काळ ठरावा. आणि मदत त्या कोरड्या दिवसांच्या मागोमाग, पीक अजून रानात उभं असताना यावी.

सोयाबीन हे शंभर दिवसांच्या आसपासचं पीक. जूनअखेर पेरलं तर ऑगस्टच्या सुरुवातीला फुलावर येतं, महिनाअखेरीस शेंगांत दाणा भरायला लागतो. त्याचं सगळं भवितव्य या महिना-सव्वा महिन्यात ठरतं. नंतर पडलेला पाऊस तुरीला लागेल, रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला लागेल, विहिरीला लागेल. सोयाबीनच्या दाण्याला लागणार नाही. उलट काढणीच्या तोंडावर जोराचा आला तर उभ्या शेंगेत कोंब फुटतात. पण नोंदवहीत मात्र ऑगस्टमध्ये न पडलेले सत्तर मिलिमीटर आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धो-धो पडलेले सत्तर मिलिमीटर यांची फिट्टंफाट होते. मूग-उडदाचं तर विचारूच नका. ती पासष्ट-सत्तर दिवसांची पिकं. पावसाच्या एका खंडात, म्हणजे अशा सलग कोरड्या दिवसांत, त्यांचं निम्मं आयुष्य निघून जातं.

त्यात जमिनीचा फरक. एकाच गावात नदीकाठची खोल काळी जमीन वीस-पंचवीस दिवस पीक धरून ठेवते. माळावरच्या जमिनीत वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तिथलं पीक दहा-बारा दिवसांत हात टेकतं. आणि माळाची जमीन कुणाकडं असते हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. वाटण्यांत शेवटी उरलेल्यांकडं, गायरान कसणाऱ्यांकडं. म्हणजे महसूल मंडळाचा, म्हणजे कितीतरी गावांचा मिळून, सरासरी आकडा काढला की ज्याचं रान आधी वाळतं, त्याचं नुकसान सर्वांत आधी त्या आकड्यात बुडून जातं.

जुन्या माणसांचं पावसाचं गणित बेरजेचं नव्हतंच. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा असे तेरा-चौदा दिवसांचे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यातल्या पावसाचं काम वेगळं. ‘न पडतील मघा तर वरतीच बघा’ असं म्हणतात त्यातली मघा म्हणजे ऑगस्टचा दुसरा पंधरवडा, दाणा भरायच्या सुमाराचा. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ हे रब्बीचं बोलणं. नक्षत्रांवरून पाऊस आधी कळतो असं मी म्हणत नाही, आणि वेधशाळेची जागा पंचांगानं घ्यावी असंही माझं म्हणणं नाही. पण एका कप्प्यातला पाऊस दुसऱ्या कप्प्यातली तहान भागवत नाही, ही समज त्या हिशेबात पक्की होती. आपल्या शासन निर्णयांत ती अजून पुरती उतरलेली नाही.

विज्ञानाला हे कधीपासून माहीत आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनचा अभ्यास केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी मान्सूनमधल्या खंडांवर मूलभूत काम केलं. त्याहून मला मोठं वाटतं ते त्यांचं पावगडा-अनंतपूर पट्ट्यातल्या भुईमूग उत्पादकांसोबतचं काम. पेरणी कुठल्या पंधरवड्यात केली तर पीक नाजूक अवस्थेत असताना कोरडा काळ आडवा येण्याची शक्यता किती, हा प्रश्न त्यांनी शेतकऱ्यांकडून उचलला आणि कित्येक वर्षांच्या पावसाच्या नोंदी घेऊन सोडवायला बसल्या. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने जिल्ह्याजिल्ह्यासाठी आकस्मिक पीक आराखडे केले, तेही असेच: खंड पेरणीनंतर लगेच पडला तर काय, फुलोऱ्यात पडला तर काय, शेवटी पडला तर काय, भारी जमिनीत काय, हलक्या जमिनीत काय. परभणीचं कृषी विद्यापीठ प्रत्येक उघडिपीत पोटॅशियम नायट्रेटची फवारणी करा, कोळपं फिरवून भेगा बुजवा, शेततळ्यातून एक संरक्षित पाणी द्या, असा सल्ला देतं. सल्ला खंडाच्या दिवसांवर चालतो आणि तिजोरी हंगामाच्या टक्केवारीवर. फवारणीचं औषध, पंपाचं डिझेल, पाइपाचं भाडं हे सगळं ऑगस्टमध्ये लागतं.

आता तिजोरीचं वेळापत्रक पाहू. पूर्वी पीक किती आलं ते आण्यांत मोजणारी आणेवारी होती, पुढं नाणी बदलली तशी पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पीक असेल तर टंचाई. ही पद्धत मुळात शेतसारा माफ करायचा की नाही एवढं ठरवण्यासाठीची. तिला घाई असण्याचं कारणच नव्हतं, आणि अंतिम पैसेवारी लागता लागता डिसेंबर उजाडतो. केंद्राने २०१६ मध्ये दुष्काळ संहिता सुधारली, राज्याने ती २०१७ मध्ये स्वीकारली. ती पैसेवारीपेक्षा निश्चितच शास्त्रीय आहे. पाऊस, पावसाचा खंड, उपग्रहावरून दिसणारं पिकाचं हिरवेपण, जमिनीतली ओल, धरण-भूजलाची स्थिती, एवढं सगळं ती बघते. पण ती ते टप्प्याटप्प्याने बघते. आधी पहिली कळ, म्हणजे पावसाच्या तुटीची कसोटी, लागायची, मग दुसरी, पिकावरच्या परिणामाची, मग निवडक गावांत जाऊन सत्यमापन, मग तीव्रता ठरवणं, आणि मग घोषणा. खरिपाची घोषणा ऑक्टोबरच्या शेवटी होते. २०२३ मध्ये ३१ ऑक्टोबरला ४० तालुके जाहीर झाले. सोयाबीन तोवर खळ्यावरून बाजारात गेलेलं होतं.

चाळीसच तालुके कसे, म्हणून राज्यभर ओरड झाली. तेव्हा तालुक्याऐवजी महसूल मंडळ धरून हजाराहून अधिक मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर करण्यात आली. मंडळापर्यंत खाली उतरणं हे पाऊल बरोबर होतं आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण निकष पुन्हा बेरजेचाच लावला: जून ते सप्टेंबरमध्ये सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी पाऊस आणि एकूण पाऊस ७५० मिलिमीटरच्या आत. ज्या मंडळात ऑगस्टभर थेंब नाही, पण सप्टेंबरातल्या दोन रात्रींनी आकडा ७८ वर नेला, ते मंडळ बाहेर.

खंड मोजायचा म्हटला तरी एक अडचण उरते, ती वरवर क्षुल्लक दिसते. हवामानशास्त्रात दिवसभरात अडीच मिलिमीटर पाऊस झाला की तो दिवस पावसाचा धरतात. नोंदीसाठी ही व्याख्या ठीक आहे. पण ऑगस्टच्या उघडिपीत पिकासकट जमीन दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सहज गमावते. तापलेल्या रानात अडीच मिलिमीटरची भुरभुर मुळापर्यंत पोचतच नाही. वरची धूळ बसते, तासाभराच्या उन्हात सगळं पूर्ववत. तरीही सतराव्या दिवशी अशी भुरभुर झाली की कागदावरचा खंड तुटतो आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. त्या ऑगस्टमध्ये आमच्या मंडळात असंच झालं. पाहणीला आलेल्या कृषी सहायकांनी, भल्या माणसानं, अवघडूनच सांगितलं, ‘‘दादा, मंडळात पाऊस झाल्याची नोंद आहे.’’ शेजारच्या बांधावरून एक म्हातारे म्हणाले, ‘‘सायेब, मंडळात पडला आसंल. आमच्या शिवारात न्हाई पडला.’’

दोघंही खरं बोलत होते. महावेध प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, आणि त्याआधीच्या तुलनेत ही फार मोठी सुधारणा आहे. पण एका मंडळात कितीतरी गावं येतात. ढग त्यातल्या एका गावावर रिकामा होतो आणि ओढा ओलांडला की रस्ता कोरडा असतो. राज्यात ग्रामपंचायती २८ हजारांच्या आसपास आहेत. ग्रामपंचायतीगणिक पाऊस मोजण्याची योजना केंद्राने आणली आहे, तिला राज्याने पहिल्या रांगेत आणायला हवं. पर्जन्यमापक ही काही महागडी वस्तू नव्हे. इतर योजनांच्या नुसत्या जाहिरातींवर होणारा खर्च पाहिला तर ही मागणी किती लहान आहे ते कळेल. रोजचा आकडा मोबाइलवर येवोच, शिवाय तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिला जावा. गावासमोर लिहिलेल्या आकड्यात कुणी फेरफार केला तर गाव त्याच दिवशी विचारील.

विम्याकडे वळतो, कारण खंडाला उत्तर देणारी एक सोय आपल्याकडे होती आणि ती आपण सोडून दिली. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत हंगामाच्या मधल्या प्रतिकूल परिस्थितीसाठी तरतूद आहे: अपेक्षित उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की भरपाई मिळते त्या उत्पन्नाच्या, निम्म्याहून खाली जाणार असं दिसलं, तर संभाव्य भरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ द्यायची. २०२३ मध्ये अनेक जिल्हाधिकाऱ्यांनी २१ दिवसांच्या खंडावर बोट ठेवून तशा अधिसूचना काढल्या. विमा कंपन्यांनी अपिलं केली, सुनावण्या झाल्या, आणि अग्रिम खात्यावर यायला दिवाळी उजाडली. एवढा उशीर होऊनही त्या पैशांनी कितीतरी घरांत हरभऱ्याचं बियाणं आलं. ही तरतूद धारदार करायची, अपिलाला मुदत घालायची, असं व्हायला हवं होतं. २०२५ च्या खरिपापासून राज्याने शेतकऱ्याला एक रुपयात मिळणारा विमा बंद केला आणि त्यासोबत हंगामातल्या प्रतिकूल परिस्थितीची, स्थानिक आपत्तीची, पेरणीच न होण्याची, काढणीपश्चात नुकसानीची अशी सगळी संरक्षणं वगळली. त्या हंगामापासून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडक रानांतलं पीक कापून-मोजून, निघणाऱ्या मंडळाच्या उत्पन्नावर. म्हणजे पुन्हा सरासरी, आणि पुन्हा हंगाम संपल्यावर. त्यात उंबरठा उत्पन्न काढतात ते मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांवरून, आणि त्याच्याही ७० टक्के. ज्या तालुक्याला दर दोन-तीन वर्षांनी खंडाचा तडाखा बसतो त्याचा उंबरठा आपोआप खाली येत जातो. जितका जास्त दुष्काळ सोसावा, तितकं संरक्षण कमी.

बोगस अर्ज सापडले म्हणून हे करावं लागलं, असं सांगतात. अर्ज बोगस होतेच. दुसऱ्याच्या, देवस्थानाच्या, सरकारी जमिनीवर विमा उतरवलेला सापडला, आणि ज्यांनी तो उतरवला त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण तो घोटाळा सातबाऱ्याचा होता. तो पकडायला ई-पीक पाहणी आहे, जमिनीचे अभिलेख आहेत. पावसाच्या खंडात कुणाला घोटाळा करता येत नाही. मापकात पाणी पडलं किंवा पडलं नाही. खोट्या अर्जदाराला पकडण्यासाठी खऱ्या शेतकऱ्याचं ऑगस्टमधलं संरक्षण काढून घेणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. प्रत्येक खंडाला मदत द्यायची ठरवली तर तिजोरी पुरणार नाही, असं अर्थखात्याचं म्हणणं असतं आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. पण पैसे तसेही जातात. खरिपातलं नुकसान पीककर्जाच्या थकबाकीत जातं, थकबाकी साचत जाते, आणि मग २०१७ सारखी ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागते. ऑगस्टमध्ये एकरी थोडी रक्कम देऊन पीक अर्धं तरी वाचवणं आणि चार वर्षांनी कर्ज माफ करणं, या दोन्ही खर्चांची तुलना शासनाने एकदा लोकांसमोर मांडावी. मदतीला क्षेत्राची मर्यादा घाला, आधी कोरडवाहू आणि हलक्या जमिनीला द्या, विहीर बागायतदाराला त्यातून वगळा. यावर वाद घालता येईल. वेळेवर मात्र वाद नको.

आणि राज्याकडे याचा स्वतःचाच दाखला आहे. अतिवृष्टी म्हणजे मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर, असा महसुलाचा जुना निकष. त्याखाली राहून दिवसेंदिवस पडणाऱ्या पावसाने पीक सडलं तरी पंचनामा होत नसे. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं सांगितल्यावर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही राज्याची आपत्ती मानली. सलग पाच दिवस, रोज किमान दहा मिलिमीटर, असा तो निकष. म्हणजे एकूण किती पडला यापेक्षा कसा पडला हे महत्त्वाचं, हे तत्त्व शासनाने ओल्या बाजूला मान्य केलेलं आहे. तेच कोरड्या बाजूला लावायला कुठला कायदा आडवा येतो? ‘सततचा पाऊस’ आपत्ती असेल तर ‘सततचा खंड’ही आपत्ती आहे. केंद्राच्या यादीत बसेल तेव्हा बसेल, राज्याला स्वतःच्या निधीतून ते आज करता येतं.

थांबायला वेळही नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस थोड्या दिवसांत एकदम पडू लागला की मधले दिवस कोरडे जाणारच. लातूरने हे एकाच वर्षात पाहिलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात मांजरा धरण भरलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ज्या मराठवाड्यात पानं करपली, तिथंच २०२५ च्या सप्टेंबरात नद्या शिवारात घुसून माती खरवडून घेऊन गेल्या. अशा दोन वर्षांची सरासरी काढली तर ती बहुधा ‘सामान्य’च्या जवळपास येईल. तिच्यावर कुणाचं घर चाललं नसतं. हवामान खात्याने २०२२ मध्ये देशाची दीर्घकालीन सरासरी ८८ सेंटिमीटरवरून ८७ वर आणली. शास्त्रज्ञांनी त्यांचं मोजमाप काळाप्रमाणे बदललं. महसुलाच्या मोजपट्टीलाही ते करावं लागेल.

घोषणेच्या तारखेला मी एवढं चिकटून का बसलोय, ते सांगतो. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर इकडच्या कोरडवाहू घरांत ऊसतोडीला जायचं की नाही हा निर्णय ऑक्टोबरअखेर होत नाही. तो पोळ्याच्या आसपास होतो. खरीप हातचा जातोय हे तोवर कळलेलं असतं. दुकानदाराची उधारी फेडायची असते, पोरीच्या कॉलेजची फी भरायची असते, आणि त्या वेळी रोख पैसे घेऊन दारात येणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असं धरून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली जाते. ती एकदा घेतली की दिवाळीनंतर शासनाने कितीही सवलती जाहीर करोत, शेतसाऱ्यात सूट देवोत, परीक्षा फी माफ करोत, वीजबिलात साडेतेहतीस टक्के कमी करोत, त्या घराला फडावर जावंच लागतं. ज्या पोराची परीक्षा फी माफ झाली ते पोर तोवर आईबापासोबत कारखान्याच्या तळावर राहायला गेलेलं असतं.

म्हणून मला हवं आहे ते असं. हलक्या जमिनीत चौदा आणि भारी जमिनीत एकवीस दिवस असा, किंवा कृषी विद्यापीठं सांगतील तसा, पीक-अवस्थेशी बांधलेला खंडाचा निकष जूनच्या आधी जाहीर व्हावा. अडीच मिलिमीटरच्या भुरभुरीनं खंड तुटू नये; तुटायचा तर आठवड्याभरात जमिनीला खरोखर ओल देणारा पाऊस व्हावा. निकष भरला की त्या गावासाठी दुसरी पाहणी, दुसरी समिती नसावी, आणि पहिला हप्ता पंधरा दिवसांत जमा व्हावा. ऑगस्टच्या वीस तारखेला खंड भरला, तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पैसे. कुणी त्यातून डिझेल आणून शेजाऱ्याच्या विहिरीवरून एक पाणी देईल. कुणी पीक मोडून रान रब्बीसाठी तयार करील. आणि मुकादम दारात येईल, तेव्हा त्याचे पैसे घ्यायचे की नाहीत याचा विचार करायला त्या घराला चार दिवस मिळतील.